भ्रमणध्वनी, आदर्श

भ्रमणध्वनी, आदर्श : हिंडताफिरताना जवळ बाळगता येणाऱ्या व बिनतारी तरंगांच्या साहाय्याने चालणाऱ्या दूरध्वनी उपकरणास भ्रमणध्वनी किंवा मोबाइल म्हणतात. अशा उपकरणात कोणते गुण असावेत, याविषयीच्या अपेक्षा केवळ तंत्रज्ञांच्या विचारातून ठरत नाहीत. आधीच्या साधनांनी वापरणाऱ्यांची कोणती सोय केली व कोठे अडचण केली, यावरून त्या घडत जातात. दक्षिण व मध्य मुंबईतील गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांत सामायिक दूरध्वनीपासून व्यक्तिगत भ्रमणध्वनीपर्यंतचा प्रवास सु. दोन पिढ्यांत झाला. त्यामुळे आदर्श भ्रमणध्वनीची कल्पना कशी बदलत गेली, हे पाहण्यास या वस्त्यांचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

पूर्वपीठिका : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ मध्ये दूरध्वनीचे एकस्व मिळविले आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले. प्रारंभी ही सेवा खाजगी कंपनीकडे होती. १ एप्रिल १९४३ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील सेवा सरकारने आपल्या ताब्यात घेतली. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्ली या शहरांची सेवा महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपनीकडे आली.

स्वातंत्र्योत्तर काळात मागणीच्या मानाने दूरध्वनी जोडण्यांचा पुरवठा फार अपुरा होता. जोडणीसाठी अर्ज केल्यावर कित्येक वर्षे थांबावे लागे. १९९१ मध्येही सबंध देशात सु. ५० लाखच जोडण्या होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे एक दूरध्वनीही नव्हता. अशा स्थितीत गिरगावातील वा लालबागेतील चाळीत एखाद्या डॉक्टरकडे, व्यापाऱ्याकडे किंवा खालच्या मजल्यावरील दुकानदाराकडे जे एकमेव उपकरण असे, तेच साऱ्या चाळीचे होऊन जाई. शेजाऱ्याचा क्रमांक आपला म्हणून देताना त्यापुढे ‘पी. पी.’ ही अक्षरे लिहिण्याची रीत होती. फोन आला की एखादे मूल वरच्या मजल्यावर निरोप घेऊन धावे. तबकडीच्या भोकात छोटे कुलूप अडकवून बाहेर जाणारे फोन रोखण्याचा प्रघातही पुष्कळ घरांत होता. परगावी बोलावयाचे झाल्यास ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहावी लागे. त्यात साधा, तातडीचा आणि त्याहून शीघ्र असा ‘लाइटनिंग’ असे प्रकार असून त्यांचे दर चढते असत. गिरणगावातील कामगाराला हे दर परवडण्याजोगे नव्हते. कोकणातील वा घाटावरील आपल्या घराशी त्याचा संबंध पत्र आणि मनीऑर्डर यांच्याद्वारेच राही. तार आली म्हणजे बहुधा आजारपणाची किंवा मृत्यूची बातमी असे समजले जाई.

सामायिक दूरध्वनीत दोष उघड होते. बोलणे सर्वांसमोर करावे लागे, शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे आणि रात्री-अपरात्री त्याला उठविण्याचा संकोच वाटे. तथापि त्यात एक गुणही होता : ज्याच्याजवळ उपकरण नव्हते, त्याच्यापर्यंतही निरोप पोहोचत असे. १९८० नंतरच्या दशकात एसटीडी-पीसीओ केंद्रांचा प्रसार झाला आणि पिवळ्या पाट्यांची ही केंद्रे नाक्यानाक्यांवर दिसू लागली. त्यामुळे शेजाऱ्याची मर्जी सांभाळण्याची गरज उरली नाही आणि काचेच्या कोठडीत का होईना, पण थोडा खाजगीपणा मिळाला. मात्र पीसीओवरून फोन करता येत असला, तरी आलेला फोन घरी मिळण्याची सोय त्यात नव्हती. भ्रमणध्वनीने प्रथम भरून काढली, ती हीच उणीव होय.

उदय व प्रसार : हातात धरून वापरावयाच्या भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण मार्टिन कूपर या अमेरिकन अभियंत्याने ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क येथे केले. त्या नमुन्याचे वजन एक किग्रॅ.हून अधिक होते. १९८३ मध्ये बाजारात आलेले मोटोरोला कंपनीचे उपकरण सु. ८०० ग्रॅ. वजनाचे असून त्यावर सु. अर्धा तासच बोलता येई व त्याची किंमत सु. ४,००० डॉलर होती. दरम्यान १९७९ मध्ये टोकिओत कोशिकीय पद्धतीची व्यापारी सेवा सुरू झाली होती. या पद्धतीत शहराचे लहान लहान कोशिकांत विभाजन करून प्रत्येकीत एक प्रेषण-ग्रहण केंद्र ठेवतात व त्याच कंप्रता दूरच्या कोशिकांत पुन्हा वापरतात. त्यामुळे मर्यादित कंप्रतांवर पुष्कळ ग्राहकांना सेवा देता येते. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम या अंकीय पद्धतीत ग्राहकाची ओळख उपकरणापासून वेगळी करून सिम कार्डात ठेवण्यात आली. परिणामी उपकरण बदलले, तरी क्रमांक कायम राहू लागला.

भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये झाले. त्याच वर्षी मुंबईत दोन खाजगी कंपन्यांनी सेवा सुरू केली. आरंभी आलेल्या फोनचेही पैसे ग्राहकास द्यावे लागत. म्हणून क्रमांक पाहून फोन न उचलणे व नंतर जवळच्या साध्या दूरध्वनीवरून उलट फोन करणे ही युक्ती रूढ झाली. पुढे ‘मिस्ड कॉल’ हा एक स्वतंत्र, बिनखर्चाचा संकेतच बनला : ‘पोहोचलो’, ‘खाली ये’, ‘तू फोन कर’ असे अर्थ त्यातून आधी ठरविल्याप्रमाणे कळत. २००३ मध्ये फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावयाची पद्धत लागू झाली, तेव्हा भ्रमणध्वनी सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्याच वर्षी आलेल्या नोकिया ११०० या साध्या उपकरणात विजेरी, धूळ आत जाऊ न देणारा कळफलक व हातातून न निसटणारी बाजू ही वैशिष्ट्ये होती. या नमुन्याची जगभर वीस कोटींहून अधिक उपकरणे विकली गेली.

गिरणगावात या प्रसाराला एक वेगळी पार्श्वभूमी होती. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरणीतील नोकरीबरोबर हजेरीपट, ठरावीक पाळी आणि कामाचा निश्चित पत्ताही गेला. या कुटुंबांतील पुष्कळांनी वायरमन, नळदुरुस्ती, टॅक्सी, भाजीविक्री, घरकाम, पोळीभाजी केंद्र अशी कामे पतकरली. ज्याला दुकान नाही व ज्याच्या कामाची जागा रोज बदलते, त्याचा क्रमांक हाच त्याचा पत्ता ठरतो. अशा माणसाचा फोन दिवसभर बंद राहिला, तर त्याची त्या दिवसाची मिळकत बुडते. त्याच्या दृष्टीने आदर्श उपकरण म्हणजे स्वस्त, टिकाऊ व दिवसभर चालू राहणारे उपकरण होय.

आदर्शाची लक्षणे : वरील अनुभवांतून पुढील लक्षणे महत्त्वाची ठरतात.

(१) ऊर्जा : साध्या दूरध्वनीस दूरध्वनी केंद्राकडूनच तारेवाटे एकदिश विद्युत् प्रवाह मिळतो. म्हणून घरातील वीज गेली, तरी तो चालू राहतो. भ्रमणध्वनीस मात्र स्वतःची विद्युत् घटमाला आणि मनोऱ्याची वीज या दोहोंवर विसंबावे लागते. १९९१ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झालेल्या लिथियम-आयन घटमालेमुळे वजन कमी होऊन ऊर्जासाठा वाढला. परंतु मोठे पडदे व सततची माहिती-देवाणघेवाण यांनी ही वाढ बव्हंशी खाऊन टाकली. बटणांचे जुने उपकरण एकदा विद्युत् भारित केल्यावर कित्येक दिवस चाले, तर पडद्याचे उपकरण बहुधा रोज भारित करावे लागते.

(२) संकटकाळी उपयोग : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तर कुलाब्यास केवळ ७३ मिमी. पडला. गिरगाव-परळ भागातील कचेऱ्यांत असलेल्यांना उपनगरातील आपल्या घरांची अवस्था कळावयास मार्ग नव्हता, कारण भ्रमणध्वनी जाळी मोठ्या प्रमाणावर कोलमडली होती. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात बाँबस्फोट झाले, त्या संध्याकाळी सर्वांनी एकाच वेळी फोन केल्यामुळे जाळी तुंबली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हाही सेवेत व्यत्यय आला. प्रत्येक कोशिकेची संभाषणक्षमता मर्यादित असते. त्यामुळे लालबागच्या गणेशोत्सवातील गर्दीतही ही अडचण अनुभवास येते. संभाषण अशक्य झाले असताही लघुसंदेश पुष्कळदा पोहोचतो, कारण त्याला जाळ्याची फार थोडी क्षमता लागते. कोशिकेतील सर्व उपकरणांना एकाच वेळी इशारा पाठविण्याच्या पद्धतीत तर ग्राहकसंख्या वाढल्याने भार वाढत नाही. भारतात तिच्या चाचण्या २०२३ मध्ये घेण्यात आल्या. १ जानेवारी २०१७ पासून विक्रीस येणाऱ्या उपकरणांत संकटकळ असणे आवश्यक करण्यात आले. साध्या उपकरणात ५ किंवा ९ ही कळ त्यासाठी योजिली आहे.

(३) भाषा : रोमन लिपीतील लघुसंदेशात १६० वर्ण मावतात, तर देवनागरी लिपीतील संदेशात ७०च मावतात. शिवाय मराठीत काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हेही स्वतंत्र वर्ण म्हणून मोजली जातात. त्यामुळे एकच मजकूर मराठीत पाठविण्यास अधिक संदेश, म्हणजे एकेकाळी अधिक पैसेही, लागत. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय रूढ होण्यामागे हे एक कारण होते. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. भारतीय मानक संस्थेच्या २०१६ च्या मानकानुसार प्रत्येक उपकरणात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांतील मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत तो लिहिता यावा, अशी अपेक्षा आहे. ज्यांना वाचता येत नाही वा दिसत नाही, त्यांच्यासाठी मजकूर मराठीत वाचून दाखविणे व उच्चारलेले शब्द लिहून घेणे या सोयींचे महत्त्व अक्षरांइतकेच आहे.

(४) दुरुस्तीसुलभता : ग्रँट रोडनजीकचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक भाग व दुरुस्ती यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील व दादरच्या गल्लीबोळांतील कारागीर पडदा, घटमाला, भारण-खाच यांसारखे भाग बदलून उपकरणाचे आयुष्य वाढवितात. पूर्वी मागचे झाकण नखाने उघडून घटमाला बदलता येई. पुढे उपकरणे पातळ व जलरोधी करण्यासाठी ती गोंदाने बंद करण्यात येऊ लागली. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांनुसार २०२७ पासून ग्राहकाला स्वतः घटमाला बदलता येईल अशी रचना अपेक्षित आहे.

(५) खाजगीपणा व सुरक्षितता : बी. डी. डी. चाळीतील खोली सु. १६० चौ. फुटांची असून तीत चार-सहा माणसे राहत. अशा घरात एकट्याने बोलण्यास जागा नसते. सज्जात किंवा जिन्यावर जाऊन बोलता येणे आणि आवाज न करता संदेश लिहिता येणे ही भ्रमणध्वनीची देणगी विशेषतः तरुण मुली व सुना यांना महत्त्वाची वाटली. दुसरीकडे, पुष्कळ घरांत एकच उपकरण अनेकांच्या हाती असते. म्हणून एकाच उपकरणात प्रत्येकाचे कप्पे वेगळे ठेवण्याची सोय आवश्यक ठरते. प्रारणाबाबत भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून उपकरणाच्या शोषणदराची मर्यादा दर किग्रॅ.ला १.६ वॉट अशी ठरविण्यात आली आहे.

मूल्यमापन : ही सर्व लक्षणे एकाच उपकरणात पूर्णांशाने येणे कठीण आहे. पातळपणा व मोठी घटमाला, जलरोधकता व दुरुस्तीसुलभता, सोयींची विपुलता व वापरातील साधेपणा, तसेच अल्प किंमत व दीर्घ आयुष्य यांत परस्परविरोध असतो. त्यामुळे आदर्श उपकरण एकच नसून गरजेप्रमाणे त्याचा तोल बदलतो.

या तोलाला अलीकडे अधिक गंभीर अर्थ प्राप्त झाला आहे. २०१६ मध्ये यूपीआय ही प्रदानपद्धती सुरू झाल्यापासून भ्रमणध्वनी हाच बटवा झाला. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट, रुग्णालयातील नोंदणी, सरकारी योजनेचा अर्ज यांसाठीही त्यावर येणारा सांकेतिक अंक पुष्कळदा लागतो. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात शाळाही त्याच्या पडद्यावर भरली आणि एका उपकरणावर दोन-तीन भावंडांचे वर्ग कसे व्हावेत, हा प्रश्न लहान घरांत तीव्रतेने जाणवला. दूरध्वनी नसलेल्या चाळकऱ्याची पूर्वी गैरसोय होई. आज योग्य उपकरण नसलेला वा ते वापरता न येणारा वृद्ध मनुष्य स्वतःच्याच निवृत्तिवेतनापासून दुरावू शकतो आणि फसवणुकीसही सहज बळी पडतो.

म्हणून आदर्शाची कसोटी सर्वाधिक सोयी असलेल्या उपकरणावर लावणे पुरेसे नाही. सर्वांत कमी साधने असलेल्या वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या मिळकतीत आणि संकटाच्या वेळी ते कितपत उपयोगी पडते, हे पाहावे लागते. चाळीतील सामायिक दूरध्वनीवर ज्याचे नाव नव्हते, त्याच्यापर्यंतही निरोप पोहोचे, तो शेजाऱ्यांच्या पायांनी. व्यक्तिगत उपकरणांच्या काळात ही मधली माणसे राहिलेली नाहीत. त्यांचे काम उपकरणाची रचना, सेवेचे नियम आणि प्रत्यक्ष माणसाकडे जाऊन व्यवहार करण्याचा खुला ठेवलेला पर्याय यांनी मिळून करावयाचे आहे.