२६ डॉलरचा प्रश्न : फ्लॅश मेमरी कंपनीच्या समभागाचे मोल कसे ठरवावे?

१/ गेल्या महिन्यात धाकट्या मावसभावाचा निरोप आला, "ताई, वर्षभराची बचत सॅनडिस्कच्या शेअरमध्ये घालू का?" मी इतिहासाची विद्यार्थिनी, उद्याचा भाव सांगणे माझे काम नव्हे. परंतु या समभागाचे खरे मोल काय, हा प्रश्न २००८ साली खुद्द त्या कंपनीच्या संचालकांपुढे उभा ठाकला होता. त्या प्रसंगावरचा हा धागा.

२/ प्रारंभ जपानमध्ये झाला. तोशिबातील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी आणि १९८७ साली तिचा 'नँड' हा प्रकार जगापुढे मांडला. वीज गेली तरी पेशीत अडकवलेले इलेक्ट्रॉन तेथेच राहतात, हे तिचे मर्म. माहिती क्षणार्धात पुसली जाते म्हणून कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून एका सहकाऱ्याने हे नाव सुचवले.

३/ १९८८ साली कॅलिफोर्नियात एली हरारी, कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांनी 'सनडिस्क' स्थापन केली. १९९१ साली तिने २० मेगाबाइटची फ्लॅश डिस्क विकली; किंमत सुमारे १,००० डॉलर! १९९५ साली कंपनी शेअर बाजारात आली. त्याच वर्षी, सन मायक्रोसिस्टिम्सशी घोटाळा नको म्हणून, 'सनडिस्क'ची 'सॅनडिस्क' झाली.

४/ या कंपनीचे उत्पन्न दुहेरी होते. एक, मेमरी कार्डांची विक्री. दुसरे, पेटंटांवरील स्वामित्वशुल्क. सॅमसंगसारखा बलाढ्य प्रतिस्पर्धीही तिला ते देत असे. चिपा मात्र तोशिबाच्या भागीदारीत, पुढे प्रामुख्याने जपानमधील योक्काइची येथे तयार होत. अर्थात कारखान्याच्या अवाढव्य खर्चाचा वाटाही तिच्या माथी होताच.

५/ सप्टेंबर २००५ मध्ये ॲपलचा आयपॉड नॅनो आला. फ्लॅश मेमरी मिळत राहावी म्हणून ॲपलने पाच उत्पादकांना मिळून १.२५ अब्ज डॉलर आगाऊ देण्याचे जाहीर केले. आता मागणीला अंतच नाही, असे वातावरण निर्माण झाले. २००६ च्या आरंभी सॅनडिस्कच्या समभागाने सत्तर डॉलरची पातळी ओलांडली.

६/ येथे या धंद्याचे गणित समजून घ्यावे. भाव चढला की सारेच कारखाने वाढवतात. पण नवा कारखाना उभा राहण्यास दोनेक वर्षे जातात. तोवर सर्वांचा माल एकदमच बाजारात येतो. कांद्याचा भाव पाहून गावभर कांदा लावावा, तसेच हे. शिवाय यंत्रांवरील खर्च आधीच झालेला असल्याने तोट्यातही यंत्रे थांबवणे परवडत नाही. मग भाव आणखीच कोसळतो.

७/ २००७-०८ मध्ये नेमके हेच घडले. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच आठवड्यात सॅमसंगचा प्रस्ताव जाहीर झाला : प्रत्येक समभागामागे २६ डॉलर रोख, एकूण ५.८५ अब्ज डॉलर. बाजारभावापेक्षा ही रक्कम बरीच मोठी होती. संचालक मंडळाने तरीही ती नाकारली. कंपनीचे मोल यात फारच कमी धरले आहे, असे त्याचे म्हणणे होते.

८/ इतिहासाचा विद्यार्थी येथे आधी साक्षीदार तपासतो. सॅमसंगचा स्वामित्वशुल्काचा करार २००९ मध्ये संपत होता. कंपनीच विकत घेतली तर तो खर्च वाचणार होता. म्हणजे किंमत कमी दाखवण्यात तिचा स्वार्थ होता. संचालकांचा स्वार्थ ती जास्त दाखवण्यात. दोन्ही बाजूंची कागदपत्रे उपलब्ध आहेत; पण त्यांतील एकही निःपक्षपाती नाही.

९/ ऑक्टोबरमध्ये सॅनडिस्कने तोटा जाहीर केला. भागीदारीतील सुमारे ३० टक्के उत्पादनक्षमता तोशिबाकडे सोपवून साधारण एक अब्ज डॉलरचा भार हलका करण्याचे ठरले. सॅमसंगने प्रस्ताव मागे घेतला. समभाग दहा डॉलरच्याही खाली गेला. वर्षाचा एकूण तोटा सुमारे दोन अब्ज डॉलर. त्या डिसेंबरात निवाडा मागितला असता, तर संचालक मूर्ख ठरले असते.

१०/ पण २०१० साली त्याच कंपनीने सुमारे १.३ अब्ज डॉलर नफा मिळवला. ऑक्टोबर २०१५ मध्ये वेस्टर्न डिजिटलने समभागामागे ८६.५० डॉलर देऊ केले. आता तेच संचालक द्रष्टे! निर्णय एकच, निवाडे मात्र दोन. मधल्या काळात ती तगली, कारण तिच्या हाती रोकड होती. फ्लॅश मेमरीच बनवणारी स्पॅन्शन त्याच मंदीत, मार्च २००९ मध्ये, दिवाळखोरीत गेली.

११/ यातून तीन गोष्टी हाती लागतात.
• भाव-नफा गुणोत्तर येथे फसवे ठरते. २००८ अखेर नफाच नव्हता, म्हणून ते काढताच येत नव्हते. आणि समभाग स्वस्त होता तो तेव्हाच. नफा शिखरावर असताना हेच गुणोत्तर मोहक दिसते.
• म्हणून आधी ताळेबंद पाहावा : मंदीची दोन वर्षे निघतील इतकी रोकड आहे का?
• प्रतिस्पर्धी किती कारखाने उभारत आहेत, हे पाहावे.

१२/ तंत्रज्ञान जिंकले म्हणजे भागधारकही जिंकतो, असे नाही. २००६ च्या शिखरावर समभाग घेणाऱ्याला तो भाव पुन्हा दिसायला अनेक वर्षे थांबावे लागले. अणुऊर्जा व्यवसायातील तोट्यामुळे तोशिबाला २०१८ मध्ये मेमरी व्यवसायाचा ताबा सोडावा लागला. तीच आजची किओक्सिया. खुद्द मासुओकांना मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. २००६ मध्ये ८.७ कोटी येनवर तडजोड झाली.

१३/ फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅनडिस्क वेस्टर्न डिजिटलपासून विभक्त होऊन पुन्हा बाजारात आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली, आणि वर्ष सरण्यापूर्वी समभाग अनेक पटींनी चढला. मागणीला अंत नाही, हे वाक्य पुन्हा ऐकू येत आहे. म्हणून उद्या घसरण होईलच, असे इतिहास सांगत नाही. हे वाक्य पूर्वीही खात्रीने बोलले गेले होते, इतकेच तो सांगतो.

१४/ भावाला मी 'घे' म्हटले नाही, 'नको'ही म्हटले नाही. वरचे मुद्दे पाठवले आणि एक प्रश्न विचारला : "हे पैसे निम्मे झाले आणि पाच वर्षे तसेच राहिले, तर तुझे काय अडेल?" दोन दिवसांनी त्याने लिहिले, "आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन." ते पैसे सध्या बँकेत आहेत.

१५/ आता तुमच्याकडे वळते. सप्टेंबर २००८ मध्ये तुम्ही त्या संचालक मंडळात असता, तर २६ डॉलर घेतले असते का? २०१५ विसरून उत्तर द्या. अवघड आहे ते तेवढेच.