सामायिक उष्णता-योजना व शासकीय अनुदान (अमरावती-अकोला)

एका ठिकाणी उष्णता, वाफ किंवा जळणाचा वायू तयार करून तो नळांवाटे अनेक घरांना, वसतिगृहांना वा कारखान्यांना पुरवणारी व्यवस्था म्हणजे सामायिक उष्णता-योजना. तिची उभारणी, वाढ किंवा दुरुस्ती यांसाठी शासन जो भांडवली खर्च उचलते, तो अनुदान या सदरात येतो. युरोपातील थंड देशांत अशा योजना घरे उबदार ठेवण्यासाठी आहेत. डेन्मार्कमधील सुमारे दोनतृतीयांश घरे शहरभर पसरलेल्या गरम पाण्याच्या नळांना जोडलेली आहेत. वऱ्हाडात ही गरज नाही. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. मे 2024 च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे तेथील जिल्हा प्रशासनाला कलम 144 खाली आदेश काढावा लागला. येथे उष्णता हवी ती चुलीला, आंघोळीच्या पाण्याला आणि कारखान्यातील वाफेला. म्हणून या भागात विषय मुख्यतः सामुदायिक गोबरगॅस, संस्थांची सौर संयंत्रे आणि उद्योगांच्या सामायिक सोयी यांभोवती फिरतो.

पूर्वपीठिका : वऱ्हाडातील खेड्यांचे परंपरागत जळण म्हणजे पऱ्हाटी, तुराटी व गोवऱ्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून तिचे ढीग घरामागे रचले जातात व वर्षभर चुलीला पुरवले जातात. शेणापासून जळणाचा वायू मिळवण्याचे तंत्र जशभाई पटेल यांच्या तरंगत्या टाकीच्या रचनेमुळे 1950 च्या दशकात सुटसुटीत झाले आणि 1960 च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. 1981-82 पासून केंद्र शासनाचा राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. पुढे सामुदायिक व संस्थात्मक संयंत्रांनाही मदत मिळू लागली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना 1969) अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे.

सामुदायिक गोबरगॅस : दररोज 25 घनमीटर वायू देणाऱ्या संयंत्राला सुमारे 600 किलो शेण व जवळपास तेवढेच पाणी लागते. एका जनावरामागे दिवसाला 10 किलो शेण धरले, तर हे साठ जनावरांचे शेण झाले. एवढ्या वायूवर बारा-पंधरा कुटुंबांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. एक घनमीटर वायू साधारण 450 ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम देतो. बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत असल्याने शेतकऱ्याच्या हिशेबात ती वायूइतकीच मोलाची असते. सुमारे 35 अंश तापमानाला वायू चांगला सुटतो, त्यामुळे वऱ्हाडचे हवामान वर्षाचा बराच काळ या तंत्राला अनुकूल आहे. मात्र उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि ट्रॅक्टरमुळे घटलेली बैलजोड्यांची संख्या हे दोन अडसर आहेत. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते.

अनुदानाचे स्वरूप : 2018 मध्ये केंद्राने गोबरधन योजना सुरू केली. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2020-21 ते 2024-25 या काळात, तिच्याखाली प्रत्येक जिल्ह्यास सामुदायिक बायोगॅस प्रकल्पांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. ग्रामीण भागात ही योजना जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता यंत्रणेमार्फत राबवली जाते. घरगुती संयंत्रांचे अनुदान राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमातून मिळते व ते घनमीटरच्या आकारमानानुसार ठरते. अपारंपरिक ऊर्जेच्या योजनांसाठी राज्याची संस्था महाऊर्जा ही आहे.

सौर उष्णता : राष्ट्रीय सौर अभियानात 2010 पासून पाणी तापवण्याच्या सौर संयंत्रांना 30 टक्के भांडवली अनुदान होते, ते 2014 मध्ये थांबले. सामायिक वापराचे राज्यातील ठळक उदाहरण शिर्डीचे आहे. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात 2009 मध्ये प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 परावर्तक तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक सुरू झाला. सुमारे 1 कोटी 33 लाखांच्या या कामात केंद्राचा वाटा 58 लाखांच्या आसपास होता. कडक व दीर्घ उन्हाच्या वऱ्हाडात आश्रमशाळा, वसतिगृहे व देवस्थानांची अन्नछत्रे यांना हा मार्ग सहज लागू पडतो.

उद्योग : कापड रंगवणे व त्यावर अंतिम प्रक्रिया करणे या कामांना सतत वाफ लागते. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान मंजूर असून त्याची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात झाली. या योजनेत सामायिक प्रक्रियागृह, सांडपाणी शुद्धीकरण इत्यादी सोयींना केंद्रीय भांडवली मदत मिळते. प्रत्येक कारखान्याने वेगळा बॉयलर पेटवण्याऐवजी एका मोठ्या बॉयलरची वाफ सर्वांनी घेतली, तर इंधन, धूर व कुशल कामगार या तिन्हींची बचत होते. बाळापूर तालुक्यातील पारस औष्णिक केंद्रात 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. अशा केंद्रांत कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत उतरतो आणि उरलेली बहुतेक उष्णता शीतन मनोरे व धुराड्यांतून हवेत जाते. डेन्मार्कमध्ये अशीच उष्णता घरांना पुरवली जाते.

उणिवा : आपल्याकडील अनुदानाचा भर उभारणीवर आहे, चालवण्यावर नाही. फीत कापली जाते, अंतिम हप्ता निघतो आणि शासनाचा संबंध तेथेच संपतो. मोडतोड मात्र बारीकसारीक गोष्टींतून सुरू होते. गोबरगॅसच्या नळात वाफेचे पाणी होऊन ते सखल जागी साचते. ते वेळोवेळी काढले नाही की शेवटच्या घरातली ज्योत फडफडते आणि विझते. लोखंडी टाकीला दरवर्षी रंग लागला नाही की गंज चढतो. ही कामे चार पैशांची आहेत, पण ती कोणी करायची हे ठरलेले नसते. शेण देणारा एक, वायू घेणारा दुसरा आणि मळी नेणारा तिसरा, असे झाले की वर्गणी थकते. दोन-चार घरांनी सिलिंडर घेतला की उरलेल्यांवरचा भार वाढतो. उज्ज्वला योजनेनंतर (2016) सिलिंडर खेड्यापाड्यांत पोचला, हे स्त्रियांच्या आरोग्यासाठी मोठेच पाऊल होते. पण पुन्हा भरून आणण्याचा खर्च न परवडणाऱ्या घरांत पऱ्हाटीची चूल अजून पेटते.

दुरुस्तीसाठी अनुदान : इंग्लंड व वेल्समध्ये 2023 मध्ये सुरू झालेल्या हीट नेटवर्क एफिशियन्सी स्कीमचा आरंभीचा 3 कोटी 20 लाख पौंडांचा निधी केवळ चालू असलेल्या सामायिक योजना सुधारण्यासाठी होता. गळके नळ, निघालेले उष्णतारोधक वेष्टन, बिघडलेले नियंत्रक यांची आधी तपासणी व मग दुरुस्ती, असा तिचा क्रम आहे. अमरावती-अकोल्यालाही याच विचाराची गरज आहे. बंद पडलेल्या संयंत्रांची तालुकावार पाहणी व्हावी, अनुदानाचा काही भाग पाच वर्षांच्या देखभालीसाठी राखून वायू चालू असल्याची खात्री करूनच हप्त्याहप्त्याने द्यावा आणि गावातल्याच एखाद्या तरुणाला किंवा बचत गटातील स्त्रीला प्रशिक्षण देऊन मानधनावर हे काम सोपवावे. नव्या संयंत्राच्या खर्चाच्या थोड्याशा भागात जुने पुन्हा चालू होऊ शकते. म्हणून दुरुस्तीला अनुदानात स्वतंत्र लेखाशीर्ष मिळणे, ही या योजनांची आजची सर्वांत निकडीची गरज आहे.