पाडलेले उभे कोणी करायचे?

गाझियाबादच्या जुन्या वस्तीत, घंटाघराच्या आसपास किंवा तुराबनगरच्या बाजारात, खेळण्यांच्या दुकानाबाहेर जाळीच्या पिशव्या टांगलेल्या दिसतात. पिशवीत दहा रंगीत, पोकळ प्लास्टिकच्या पिना आणि दोन हलके चेंडू. दुकानदार त्याला ‘बोलिंग सेट’ म्हणतो. इंदिरापुरम, वैशालीकडच्या मराठी घरांतही हा सेट पोहोचला आहे. सोफा सरकवायचा, फरशीच्या रेघांवर चार, तीन, दोन, एक अशा पिना मांडायच्या आणि समोरच्या भिंतीपासून चेंडू सोडायचा. पंखा जोरात असला तर पिना चेंडूची वाटही पाहत नाहीत.

या स्वस्त खेळण्यामागे मोठा इतिहास आहे. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: पाडायची मजा कोणाची आणि उभे करायचे काम कोणाचे?

सुरुवात इजिप्तपासून करू. 1895 च्या सुमारास फ्लिंडर्स पेट्री यांना नकादा येथे एका लहान मुलाच्या थडग्यात काही दगडी वस्तू सापडल्या: फुलदाणीच्या आकाराचे नऊ छोटे तुकडे, काही गोळे आणि संगमरवराच्या तीन पट्ट्या. पट्ट्यांची कमान करायची, तिच्यातून गोळा सोडायचा आणि पलीकडचे नऊ तुकडे पाडायचे, अशी पेट्री यांनी त्यांची जुळणी लावली. थडगे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. या वस्तू आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. पेट्री यांची जुळणी मान्य केली, तर हा या खेळाचा सर्वांत जुना संच ठरतो.

पण तो टिकला कशामुळे? दगडाचा होता म्हणून. दगड कोरून, घासून खेळणे करून घेणे त्या काळी कोणालाही परवडणारे नव्हते. त्याच नाईलच्या काठी इतर मुले काटक्या, बिया, मातीचे गोळे घेऊन असेच काही खेळत असतील, तर त्याचा मागमूस राहणे शक्य नव्हते. खेळण्यांचा इतिहास वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. जे उरले ते बहुधा श्रीमंताच्या मुलाचे. गरिबाच्या मुलाचे खेळणे कुजले, मोडले किंवा चुलीत गेले.

मोठ्यांच्या हाती आल्यावर या खेळावर कायद्याची नजर पडली. इंग्लंडमध्ये 1477 च्या एका कायद्याने ज्या खेळांवर बंदी घातली, त्यांत काठ्या उभ्या करून पाडण्याचे खेळही होते. लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून यात वेळ घालवू नये, हे कारण. 1541 च्या कायद्याने कारागीर, शिकाऊ उमेदवार, मजूर आणि नोकर यांना चेंडू घरंगळवण्यासारखे खेळ मना केले. सूट फक्त नाताळात, तीही मालकाच्या घरी किंवा त्याच्या देखत. उलट वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असलेल्याला स्वतःच्या आवारात खेळण्याचा परवाना मिळू शकत होता. म्हणजे आक्षेप खेळापेक्षा कष्टकऱ्याच्या रिकाम्या वेळावर अधिक होता.

पुढे हा खेळ जर्मन आणि डच स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला. 1895 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि नियम एकसारखे झाले: दहा पिना, साठ फुटांची पट्टी, सोळा पौंडांपर्यंतचा चेंडू. एवढ्या वजनाच्या चेंडूने पाडलेल्या लाकडी पिना दर वेळी उभ्या कोण करणार? त्यासाठी मुले ठेवली गेली. पट्टीच्या टोकाला खड्ड्यात बसायचे, उडणाऱ्या पिना चुकवायच्या, खाली उतरून त्या पुन्हा मांडायच्या आणि चेंडू परत पाठवायचा. बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीसाठी छायाचित्रे काढणाऱ्या लुईस हाइन यांनी एप्रिल 1910 मध्ये ब्रुकलिनच्या एका बोलिंग पट्टीवर रात्री एक वाजता काम करणाऱ्या अशा मुलांचे छायाचित्र घेतले. आपोआप पिना उभे करणारे यंत्र 1946 मध्ये लोकांसमोर आले आणि 1952 पासून त्याचा व्यापारी वापर सुरू झाला. तोवर कित्येक ठिकाणी मोठ्यांच्या करमणुकीचे अर्धे काम मुलांच्या पाठीवर होते.

आता आपली लगोरी आठवून पाहा. गाझियाबादच्या गल्लीत तिलाच पिट्ठू म्हणतात. सात चपटे दगड एकावर एक रचायचे आणि चेंडूने पाडायचे, इथपर्यंत नाते उघड आहे. पण लगोरीचा खरा डाव पाडल्यानंतर सुरू होतो. ज्या गटाने लगोरी फोडली, त्यानेच ती चेंडूचा मार चुकवत पुन्हा रचायची. पाडणारा एक आणि रचणारा दुसरा, ही विभागणी इथे नाही. शिवाय साहित्य फुकट: रस्त्याकडेचे दगड, फुटक्या फरशीचे तुकडे.

फुकटचे किंवा स्वस्तातले साहित्य ही केवळ गरज नसून विचारही असू शकतो, हे मराठी मुलुखात ताराबाई मोडक यांनी दाखवून दिले. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाईंना माँटेसोरी पद्धतीचे मोल ठाऊक होते आणि तिच्या साधनांची किंमतही. 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. तिथे आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू हीच शिकण्याची साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी उभी राहिली. खेळणे महाग असलेच पाहिजे, हा समज तिथे मोडला.

आजच्या प्लास्टिकच्या सेटचे स्थान या दोन टोकांच्या मध्ये आहे. तो विकत घ्यावा लागतो, पण बहुतेकांना परवडतो. खेळण्यांचे नियम अलीकडे कडक झाले. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. आयात शुल्क 2020 मध्ये वीसवरून साठ टक्क्यांवर आणि 2023 मध्ये सत्तरवर गेले. जाळीच्या पिशवीवरचे ते चिन्ह पाहून घेणे घेणाऱ्याच्या हिताचे. मूल चेंडू तोंडात घालणारच.

या सेटचा एक मोठा गुण त्याच्या हलकेपणात आहे. चार वर्षांचे मूल पिना स्वतः मांडू शकते. पडल्या सात, उरल्या तीन, हे ते बोटांवर मोजते आणि मग सातही उचलून जागेवर ठेवते. मोठ्यांनी घाईने त्या मांडून दिल्या, तर खेळाचा अर्धा भाग मुलाच्या हातून जातो. पिना मांडताना त्याला चार, तीन, दोन, एक यांचा त्रिकोण कळतो. पाळी दुसऱ्याची असली तरी मांडायला हात लावायचा, हेही तिथेच कळते.

एक उलटापालट मात्र विचार करायला लावणारी आहे. आजवर गरिबाच्या मुलाचे खेळणे नाहीसे होत होते. आता तेच सर्वांत चिवट वस्तूचे झाले आहे. काटकीच्या पिना मातीत मिळाल्या, प्लास्टिकच्या मिळणार नाहीत. भंगारवाल्याच्या पोत्यातून निसटलेली एखादी लाल पिन हिंडनच्या गाळात कितीतरी पिढ्या पडून राहील. उद्याच्या एखाद्या पेट्रीला ती सापडली, तर कोण्या राजपुत्राचे खेळणे म्हणून त्याने ती संग्रहालयात ठेवू नये. ती सगळ्यांची होती. आणि घरोघरी ती पाडणाऱ्यानेच पुन्हा उभी केली असेल, तर आपण तिच्याकडून एवढे तरी शिकलो असे म्हणता येईल.