परदेशी डॉक्टर, सहचर आणि दोन वर्षांची अट: अमेरिकी व्हिसाचा इतिहास

१/ जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोणी व्हिसा मागितला नाही. गोपाळराव नंतर तेथे पोहोचले, तेही 'आश्रित पती' या शिक्क्याविनाच. डॉक्टर आणि त्याचा सहचर यांना वेगवेगळ्या अक्षर-अंकांत बसवणारी व्यवस्था पुढे विसाव्या शतकात घडली. तिचा हा आढावा.

२/ १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी भारतीयांच्या स्थलांतराचा मार्ग जवळजवळ बंद केला. १९४६ मध्ये तो किंचित उघडला, तोही वर्षाला अवघ्या १०० भारतीयांसाठी. त्यामुळे महायुद्धानंतर परदेशी डॉक्टरांना खरा प्रवेश मिळाला तो स्थलांतरित म्हणून नव्हे, तर पाहुणे म्हणून.

३/ १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याने शैक्षणिक देवाणघेवाणीची योजना रुजवली. शीतयुद्धाच्या काळात त्यामागे स्पष्ट राजकीय हेतू होता: परदेशी तरुणांनी अमेरिकेत शिकावे आणि ते ज्ञान व ती मैत्री घेऊन मायदेशी परतावे.

४/ पाहुणे मात्र परतेनात. म्हणून १९५६ मध्ये अट आली: आधी दोन वर्षे मायदेशी राहायचे, मगच अमेरिकेत स्थायिक होण्याचा अर्ज करायचा. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने 'जे' हा स्वतंत्र प्रवर्ग निर्माण केला. प्रशिक्षणार्थी जे-१, त्याची पत्नी, पती वा अपत्ये जे-२.

५/ १९६५ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. नव्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटे मोडीत काढून व्यावसायिकांना प्राधान्य दिले. त्याच वर्षी आलेल्या 'मेडिकेअर'मुळे वृद्धांच्या उपचारांचा खर्च सरकार उचलू लागले आणि डॉक्टरांची मागणी वाढली.

६/ १९७० मध्ये दोन वर्षांची अट शिथिल झाली. ती मुख्यतः सरकारी खर्चाने आलेल्यांना आणि मायदेशी ज्यांच्या कौशल्याची निकड आहे अशांनाच उरली. अनेक डॉक्टरांना अमेरिकेत राहूनच दर्जा बदलता येऊ लागला.

७/ सहा वर्षांत वारे फिरले. १९७६ च्या कायद्यात काँग्रेसने देशात डॉक्टरांचा तुटवडा उरला नसल्याचे नमूद केले. जे-१ वर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरवर दोन वर्षांची अट पुन्हा लादली गेली, मग खर्च कोणीही केलेला असो. मायदेशाच्या सरकारचे 'ना हरकत' पत्रही त्यांच्या कामी येत नाही.

८/ या अटीचा सर्वांत कमी चर्चिलेला भाग म्हणजे ती जे-२ सहचरालाही बांधते. ज्याने प्रशिक्षण घेतले नाही, कोणताही करार केला नाही, त्यालाही अट पूर्ण होईपर्यंत वा माफ होईपर्यंत एच किंवा एल दर्जा मिळत नाही, कायम वास्तव्यही नाही. सहचर स्वतः डॉक्टर असला तरी नियम तोच.

९/ माफीचे नियमही पाहण्यासारखे आहेत. परतण्यामुळे अमेरिकी नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या पती, पत्नी किंवा अपत्यावर असाधारण संकट येणार असेल, तर माफी मिळू शकते. जे-२ सहचराचे स्वतःचे हाल मात्र त्या हिशेबात धरले जात नाहीत. त्याची सुटका जोडीदाराच्या माफीवर अवलंबून असते. घटस्फोट वा मृत्यूसारख्या प्रसंगी परराष्ट्र खाते वेगळा विचार करू शकते.

१०/ १९९० च्या कायद्यातून एच-१बी प्रवर्ग आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने, परवाना परीक्षा उत्तीर्ण झालेल्या परदेशी डॉक्टरांना त्यावर रुग्णसेवा करता येऊ लागली. येथे दोन वर्षांची अट नव्हती. पण किंमत सहचराने मोजली: जे-२ ला परवानगी घेऊन नोकरी करता येते, एच-४ ला ती मुभाच नव्हती. २०१५ मध्ये ती मिळाली, तीही ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना.

११/ म्हणजे रुग्णालय निवडताना कुटुंबाला आणखी एक निवड करावी लागे. जे-१ घेतला तर दोघांवर परतीचे बंधन, एच-१बी घेतला तर एकाचे करिअर थांबलेले.

१२/ मधली वाट निघाली १९९४ मध्ये. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला २० डॉक्टरांसाठी माफीची शिफारस करता येऊ लागली. २००२ मध्ये ही संख्या ३० झाली. अट अशी की डॉक्टरने एच-१बी दर्जावर, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ सेवा द्यावी. सेवा अर्धवट सोडली, तर परतीचे बंधन पुन्हा मानेवर.

१३/ कॉनराड योजनेखाली डॉक्टरला माफी मिळाली की जे-२ सहचरही मोकळा होतो. पण संसार बहुधा त्या टंचाईच्या भागातच थाटावा लागतो, तेथे सहचरासाठी काम असो वा नसो.

१४/ सात दशकांत डॉक्टर कधी पाहुणा ठरला, कधी गरज, तर कधी अतिरिक्त. कायद्याने प्रत्येक वेळी मोजली ती डॉक्टरांची संख्या. सहचराचे शिक्षण, व्यवसाय आणि इच्छा यांसाठी त्या हिशेबात रकाना क्वचितच होता. स्थलांतराचा इतिहास वाचताना म्हणूनच मुख्य अर्जदाराबरोबर 'आश्रित' या शब्दाखाली कोण उभे आहे, हेही पाहावे लागते.