तळटीप : सिगारा बोरेई

* सिगारा बोरेई : सारण भरून, गुंडाळून तळलेला तुर्की बोरेक. त्याचे आवरण म्हणजे यूफ्का. मैदा, मीठ आणि पाणी यांची ही पातळ पारी ओक्लावा नावाच्या लांब, सडपातळ लाटण्याने लाटतात आणि साच या घुमटाकार लोखंडी तव्यावर जेमतेम शेकतात. आपल्याकडे मांडे उपड्या खापरावर भाजतात तसे. गोल यूफ्काचे त्रिकोण कापून रुंद बाजूवर खारट पांढरे चीज आणि चिरलेली पार्सली ठेवायची, दोन्ही कडा आत मुडपायच्या, निमुळत्या टोकाकडे घट्ट गुंडाळत न्यायचे आणि टोक पाण्याने चिकटवायचे. कडा नीट मुडपल्या नाहीत तर चीज तेलात उतरते. खरे कसब इथेच. न्याहारीला किंवा चहाबरोबर तो गरमच खावा, गार झाला की कुरकुरीतपणा जातो. बकलाव्यामुळे तुर्की पारीचे पदार्थ पाकातले असतात असे वाटू शकते, हा मात्र पूर्ण खारा आहे. इस्तंबूलच्या सारियेर भागाच्या नावाने ओळखला जाणारा बोरेक निराळा : तो लांब वळकटीचा, भट्टीत भाजलेला आणि बऱ्याचदा खिम्याचा असतो. — संपा.