एक शिक्षक, एक विद्यार्थिनी : एकोणिसाव्या शतकातील घरगुती प्राथमिक अध्यापनाचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : कोल्हापूर व परिसर)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी प्रामुख्याने शाळांचा इतिहास लिहिला आहे. १८४८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात सुरू केलेली मुलींची शाळा, १८७० मधील पुण्याचे फीमेल ट्रेनिंग कॉलेज, १८८४ मधील हुजूरपागा हे या इतिहासाचे सर्वपरिचित टप्पे होत. परंतु ज्या स्त्रियांची नावे आपण आदराने घेतो, त्यांपैकी अनेकींनी पहिले अक्षर शाळेत गिरवले नाही. ते त्यांनी घरात, एका शिक्षकासमोर एकट्याने बसून गिरवले. सावित्रीबाई फुले यांचे आरंभीचे शिक्षण पतीकडून घरीच झाले. पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांची प्राथमिक शिक्षणाची वाटही घरातूनच गेली.

प्रस्तुत निबंधात शेवटच्या तीन स्त्रियांच्या बालवयातील दैनंदिन पाठांचा विचार केला आहे. शिकवणारा कोण होता, पाठाची वेळ कोणती होती, शिकवण्याचे साधन काय होते, घरातील इतरांची भूमिका कशी होती आणि या पाठातून मूल पुढे कोठे पोहोचले, या पाच प्रश्नांच्या आधारे ही मांडणी केली आहे. या तिघींपैकी दोघींचा कोल्हापूर व परिसराशी संबंध आहे. हुपरीसारख्या कोल्हापूर जिल्ह्यातील गावात अध्यापन करणाऱ्यास हा संबंध विशेष महत्त्वाचा वाटतो.

तत्कालीन प्राथमिक शिक्षणाची पार्श्वभूमी

इंग्रजी अमदानीपूर्वी आणि नंतरही काही काळ गावोगावी पंतोजींच्या शाळा चालत. धुळाक्षरे, मोडी लेखन, अंक, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हा तेथील अभ्यासक्रम. व्यवहारात लागणारे हिशेब व पत्रलेखन हे त्याचे उद्दिष्ट होते. या शाळांत एकाच पडवीत निरनिराळ्या वयाची मुले बसत. मुलींना मात्र तेथे जवळजवळ स्थान नव्हते.

पुढे मुलींच्या शाळा निघाल्या तरी उच्चवर्णीय कुटुंबांत बालविवाहाची प्रथा असल्यामुळे आठ-दहा वर्षांची मुलगी सासरी जाई आणि तिच्यापुरता शाळेचा प्रश्न तेथेच संपे. अशा मुलीला शिकायचे असेल तर शिक्षक घरातच मिळावा लागे. म्हणजे घरगुती अध्यापन ही त्या काळी शाळेला दिलेली जोड नव्हती. बहुसंख्य मुलींसाठी तोच एकमेव मार्ग होता. तो मार्ग उघडणे किंवा बंद ठेवणे सर्वस्वी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून होते.

पहाटेचा पाठ : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बालपत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवण्याचा निर्धार केला. त्यामुळे नातलगांचा व धर्ममार्तंडांचा रोष ओढवला. अखेर गाव सोडून त्यांनी अरण्यात आश्रम थाटला. पतीकडून शिकलेल्या लक्ष्मीबाई पुढे मुलीच्या गुरू झाल्या. एका पाठातून दुसरा पाठ निर्माण झाल्याचे हे उदाहरण आहे.

लक्ष्मीबाईंना दिवसभर घरकाम, अतिथी व शिष्यगण यांतून उसंत नसे. म्हणून पाठाची वेळ पहाटेची ठरली. उजाडण्यापूर्वी मुलीला जागे करून आई तिला संस्कृत शिकवीत असे. पाठाचे मुख्य साधन मुखोद्गत परंपरा हे होते. व्याकरण, कोश व पुराणे पाठ करून घेतली जात. या शिक्षणात इतिहास, भूगोल किंवा इंग्रजी यांना स्थान नव्हते. तथापि स्मरणशक्ती, उच्चारशुद्धी व भाषेवरील प्रभुत्व या गोष्टी त्यातून सिद्ध झाल्या. १८७८ मध्ये कलकत्त्यास विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. औपचारिक शाळेचा उंबरठा न ओलांडता हे घडले, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

रात्रीचा पाठ : रमाबाई रानडे

रमाबाई रानडे यांचे माहेर कुर्लेकरांचे. त्यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे बालपण व आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले होते. त्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. १८७३ च्या अखेरीस रानडे यांचा अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह झाला. प्रथम पत्नीच्या निधनानंतर विधवेशी विवाह करावा अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे रानडे यांनी मान तुकवली. या तडजोडीबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

रमाबाईंनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आपल्या पहिल्या पाठाची हकिगत त्यांनी सविस्तर नोंदवली आहे. सासरी आल्यावर लगेच रानडे यांनी त्यांना लिहितावाचता येते का, अशी विचारणा केली. येत नाही असे कळताच त्याच दिवशी पाटी-पेन्सिल पुढे आली आणि 'श्रीगणेशाय नमः' या अक्षरांपासून आरंभ झाला. हातात पेन्सिल धरण्याचीही सवय नसलेल्या मुलीला ही मोजकी अक्षरे गिरवण्यास बराच वेळ लागला. परंतु पाठ रोज होऊ लागल्यावर अल्पकाळातच अक्षरओळख व बाराखडी पूर्ण होऊन त्या वाचू लागल्या.

रानडे यांना दिवसा न्यायालयाचे व सार्वजनिक काम असे. म्हणून त्यांचा पाठ रात्री होई. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजशी संबंधित सगुणाबाई देव यांची शिक्षिका म्हणून योजना झाली. ही नेमणूक शैक्षणिक दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पतीच्या हौसेवर चाललेला पाठ एका प्रशिक्षित शिक्षिकेच्या हाती गेला आणि सरकारी संस्थेत तयार झालेले ज्ञान घराच्या माजघरात पोहोचले. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाल्यानंतर इंग्रजीचा अभ्यास रानडे यांनी स्वतः चालविला.

या पाठांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध होता. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला दिवसा त्यांच्यात राहावे लागे, त्यांची कामे करावी लागत आणि टोमणे ऐकून घ्यावे लागत. रात्री मात्र पतीचा पाठ तयार असावा लागे. दोन्ही बाजू सांभाळण्याचे ओझे शिकवणाऱ्यावर नव्हते, शिकणाऱ्या मुलीवर होते. या स्त्रियांना केवळ 'जुन्या मताच्या' ठरवून मोकळे होणे योग्य नाही. ज्यांना स्वतःला कधी पाटी मिळाली नाही, त्यांच्यासमोर नव्या सुनेला ती मिळत होती. त्यांच्या रोषात परंपरेचा अभिमान होता, तशी स्वतःच्या वंचिततेची सलही असू शकते.

धाकाचा पाठ : आनंदीबाई जोशी

पूर्वाश्रमीच्या यमुना जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, त्यांचा विवाह टपाल खात्यातील नोकर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि पत्नीला शिकवायचेच या ध्येयाने झपाटलेले होते. त्यांच्या बदल्यांबरोबर कल्याण, अलिबाग, कोल्हापूर असा आनंदीबाईंच्या शिक्षणाचाही प्रवास झाला.

कोल्हापूर हा या प्रवासातील निर्णायक टप्पा ठरला. १८७८ मध्ये येथूनच गोपाळरावांनी पत्नीच्या उच्च शिक्षणासंबंधी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी दीर्घकाळ कोल्हापुरात मिशनकार्य केले होते. अमेरिकेतील नियतकालिकात छापलेला हा पत्रव्यवहार न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंशी स्नेह जोडला आणि १८८३ च्या प्रवासाचा मार्ग खुला झाला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना फिलाडेल्फिया येथे एम.डी. ही पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूकही केली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते पद त्यांना सांभाळता आले नाही.

या यशोगाथेची दुसरी बाजू स्वतः आनंदीबाईंनीच नोंदवून ठेवली आहे. लहानपणी अभ्यासासाठी सोसलेली मारहाण, अंगावर फेकलेली पुस्तके व सोडून जाण्याच्या धमक्या यांचा उल्लेख त्यांनी अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात केला आहे. शाळेतील पंतोजीही छडी वापरत; परंतु तेथे मुलाला संध्याकाळी घरी परतता येई. येथे शिक्षक व पती एकच असल्यामुळे पाठ संपला तरी धाक संपत नसे. त्याच पत्रांतून पतीविषयीची कृतज्ञताही व्यक्त होते. हे दोन्ही भाव एकत्र वाचल्याशिवाय या अध्यापनाचे यथार्थ मूल्यमापन होणार नाही.

तुलनात्मक विवेचन

तिन्ही उदाहरणांत पाठ नियमित होता, शिक्षकाचे पूर्ण लक्ष एकाच विद्यार्थिनीवर होते आणि गती तिच्या आकलनानुसार ठरू शकत होती. एकाकी अध्यापनाचे हे सामर्थ्य नाकारता येत नाही. हुपरीच्या चांदी व्यवसायातही हीच रीत पाहावयास मिळते. तार ओढणे, घुंगरू जोडणे, पैंजणाला उजाळा देणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या घरातच, जाणत्या कारागिराशेजारी बसून शिकली गेली. हाताला वळण लावण्यासाठी डोळ्यांसमोरचा एक गुरू पुष्कळ असतो, हा या व्यवसायाचा अनुभव आहे.

तथापि फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. कारागिराचे मूल जे शिकते ते घराला हवे असते. त्यामुळे सारे घर त्याच्या पाठीशी असते. या मुली जे शिकत होत्या ते घराला नको होते. म्हणून आश्रमासाठी गाव सोडावे लागले, पाठ रात्री घ्यावा लागला, बदलीच्या गावाचा आधार शोधावा लागला. पहाट व रात्र या पाठाच्या वेळा केवळ सोयीच्या नव्हत्या. घराच्या मान्य दिनक्रमात मुलीच्या शिक्षणाला जागा नव्हती, हेच त्या वेळा सांगतात.

दुसरा मुद्दा शिक्षकाच्या अधिकाराचा. आई, न्यायाधीश पती व टपाल खात्यातील पती अशा तीन प्रकारच्या शिक्षकांमुळे पाठाचे स्वरूप पालटलेले दिसते. आईच्या पाठात वात्सल्य, रानडे यांच्या पाठात शिस्त, तर गोपाळरावांच्या पाठात ध्येयाबरोबर हिंसाही होती. यांपैकी कोणता शिक्षक वाट्याला येईल हे मुलीच्या हाती नव्हते. घरगुती अध्यापनावर कोणाची देखरेख नव्हती आणि तक्रार ऐकणारेही कोणी नव्हते.

घराकडून शाळेकडे

या मर्यादेची जाणीव सर्वांत अधिक या विद्यार्थिनींनाच झालेली दिसते. सावित्रीबाईंनी घरात मिळालेले अक्षर लगेच शाळेत नेले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये 'शारदा सदन' स्थापन केले. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनाद्वारे प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाची सोय केली. पुणे नगरपालिकेच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणात मुलींचाही समावेश व्हावा म्हणून १९२० च्या सुमारास झालेल्या चळवळीत त्या अग्रभागी होत्या. ज्यांना घरी उत्तम शिक्षक लाभला, त्यांनीच प्रत्येक मुलीसाठी शाळा मागितली, ही बाब लक्षणीय आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. या दंडाचा अर्थ प्रस्तुत विषयाच्या संदर्भात स्पष्ट होतो. मुलाने शिकावे की नाही, हा निर्णय घराच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असे राज्यसंस्थेने येथे प्रथमच ठामपणे सांगितले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हेच तत्त्व सहा ते चौदा वयोगटासाठी देशभर लागू केले.

निष्कर्ष

१. एकोणिसाव्या शतकात घरगुती एकाकी अध्यापन हा अनेक मुलींसाठी शिक्षणाचा एकमेव मार्ग होता. त्याला पूरक व्यवस्था मानणे ऐतिहासिक दृष्ट्या योग्य नाही.

२. या अध्यापनाचे यश शिकवणाऱ्या सुधारकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, विरोध सोसून पाठ पूर्ण करणाऱ्या लहान मुलीचे आहे.

३. शिक्षक व वडीलधारा एकच असल्यामुळे ज्ञानाबरोबर धाकही घरात शिरला. आनंदीबाईंच्या पत्रांचा विचार केल्याशिवाय स्त्रीशिक्षणाचा गौरव अपुरा राहतो.

४. सार्वत्रिक शाळेची मागणी घरगुती पाठातून घडलेल्या स्त्रियांनीच पुढे नेली.

आज खासगी शिकवणीचा प्रसार ग्रामीण भागातही झाला आहे. ऐपत असलेल्या पालकाच्या मुलाला स्वतंत्र लक्ष मिळते; इतरांची मुले सर्वस्वी वर्गावर अवलंबून राहतात. एकोणिसाव्या शतकात सुधारक पती वा पिता लाभण्यावर मुलीचे शिक्षण अवलंबून होते. आज ते पालकाच्या उत्पन्नावर अवलंबून राहू लागले तर १९१७ च्या जाहीरनाम्यामागील हेतूच पराभूत होईल. प्रत्येक मुलाकडे रोज थोडा वेळ स्वतंत्रपणे पाहणे हे घरगुती पाठाचे खरे बलस्थान होते. ते सार्वजनिक शाळेच्या वर्गात कसे आणता येईल, हा प्रश्न अध्यापक म्हणून आपल्यासमोर आहे.