मीठ, लोखंड आणि राजनीति

प्राचीन चीनचें नांव निघालें कीं रेशीम, कागद आणि प्रचंड भिंत यांची आठवण सहज होते. परंतु त्या संस्कृतीचें अंतरंग जाणावयाचें असेल तर मीठ आणि लोखंड या दोन साध्या जिनसांकडे वळलें पाहिजे. मिठावांचून अन्नाला चव नाहीं आणि लोखंडावांचून नांगराला फाळ नाहीं. या वस्तूंचा व्यापार प्रजेनें करावा कीं सरकारनें, या प्रश्नावर इ. स. पूर्वीं ८१ या वर्षीं चांग-आन या राजधानींत मंत्री आणि विद्वान समोरासमोर बसले. त्या वादाची हकीकत आजतागायत टिकून राहिली आहे.

वादाचें मूळ सरहद्दीवरील युद्धांत होतें. हान घराण्यांतील सम्राट वू यानें इ. स. पूर्वीं १४१ पासून ८७ पर्यंत राज्य केलें. उत्तरेच्या गवताळ प्रदेशांतून श्युंगनू नांवाच्या भटक्या घोडेस्वार टोळ्या चीनवर वारंवार धाड घालीत. पूर्वींचे राजे रेशीम व धान्य देऊन त्यांना शांत ठेवीत. वू यानें तो मार्ग सोडून तलवार उपसली. मित्र मिळविण्यासाठीं त्यानें इ. स. पूर्वीं १३८ मध्यें चांग च्यिएन या वकिलास पश्चिमेकडे धाडलें. तो वाटेंत शत्रूच्या कैदेंत पडला आणि इ. स. पूर्वीं १२६ मध्यें परतला. मैत्री जुळली नाहीं. परंतु पश्चिमेकडील देशांची माहिती मिळाली. बॅक्ट्रियांत त्याला चीनच्याच नैर्ऋत्य भागांतील कापड व बांबूच्या काठ्या दिसल्या. हा माल हिंदुस्थानांतून येतो, असें त्याला तेथें सांगण्यांत आलें. म्हणजे दरबाराला ज्या वाटेची वार्ताही नव्हती, ती वाट व्यापाऱ्यांनीं आधींच तुडविली होती.

युद्धाचा खर्च मात्र भयंकर होता. इ. स. पूर्वीं ११९ च्या एका मोहिमेंत १,४०,००० घोडे सरहद्दीपलीकडे गेले. परत आले ते ३०,००० हूनही कमी. खजिना रिता झाला. त्याच वेळीं मीठ उकळणारे आणि लोखंड ओतणारे कारखानदार गबर झाले होते. चिनी समाजव्यवस्थेंत विद्वान, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी अशी उतरती श्रेणी मानीत. व्यापाऱ्याचें स्थान शेवटचें. तरीही पैशाची निकड भासतांच दरबारानें मिठाचा एक बडा व्यापारी आणि लोखंडाचा एक बडा कारखानदार यांनाच अधिकारी नेमलें. त्यांच्या जोडीला सांग हुंग-यांग हा होता. लो-यांग येथील व्यापाऱ्याचा हा मुलगा तोंडी हिशेबांतील नैपुण्यामुळें तेराव्या वर्षींच राजवाड्यांत नोकरीस लागला होता.

इ. स. पूर्वीं ११७ च्या सुमारास नवी व्यवस्था सुरू झाली. मीठ सरकारी कढयांत उकळावयाचें व सरकारलाच द्यावयाचें. लोखंडाचें ओतकाम सरकारी भट्ट्यांतच करावयाचें. चोरून धंदा करणाऱ्याच्या डाव्या पायांत लोखंडी बेडी पडे व हत्यारें जप्त होत. पुढें इ. स. पूर्वीं ११० मध्यें, माल स्वस्त असेल तेव्हां घ्यावा आणि महाग होतांच विकावा, असा व्यापारही सरकारनें हातीं घेतला. इ. स. पूर्वीं ९८ मध्यें दारूचा मक्ताही सरकारकडे आला.

वू याच्या मागून गादीवर आलेला सम्राट चाओ हा बालक होता व कारभार हुओ क्वांग पाहत असे. इ. स. पूर्वीं ८१ मध्यें प्रांतोप्रांतींचे साठांहून अधिक विद्वान दरबारीं बोलावून, प्रजेला कशाचें दुःख आहे, हें त्यांना विचारण्यांत आलें. उत्तर एकमुखी होतें : मीठ, लोखंड व दारू यांचे सरकारी मक्ते बंद करा.

हे विद्वान कन्फ्यूशियसचे अनुयायी होते. शेती हें राष्ट्राचें मूळ आणि व्यापार हा शेंडा. राजाच नफ्यामागें लागला तर प्रजेनें नीति कोणाकडून शिकावी, असें त्यांचें म्हणणें. परंतु ते केवळ तत्त्वज्ञान सांगून थांबले नाहींत. सरकारी अवजारें ओबडधोबड व बोथट असतात. शेतकरी लांबून येतो तों अधिकारी जागेवर नसतो. किंमत परवडत नाहीं म्हणून गरीब लोक लांकडी नांगर धरतात आणि हातानें तण उपटतात, असें त्यांनीं सांगितलें. जें पिकत नाहीं तें सरकार मागतें, म्हणून जें पिकतें तें मातीमोलानें विकावें लागतें, हेंही त्यांनीं मांडलें.

सांग हुंग-यांग आतां वृद्ध झाला होता. पण त्याचें उत्तर लेचेंपेचें नव्हतें. सरहद्दीवर थंडींत कुडकुडणाऱ्या शिपायांचा खर्च कोणीं द्यावा? मक्ता सोडला तर तो शेतकऱ्याच्या हातीं न जातां, डोंगरांत हजार हजार फरारी माणसें राबविणाऱ्या धनदांडग्यांच्या हातीं जाईल. रेशमाच्या एका ठाणाच्या मोबदल्यांत श्युंगनूंकडून कितीतरी मोलाचा माल मिळतो. मग व्यापाराला हीन कां म्हणावें? ज्यांना स्वतःचें घर नीट चालवितां येत नाहीं त्यांनीं राज्य कसें चालवावें हें शिकवूं नये, असा टोमणाही त्यानें विद्वानांच्या दारिद्र्यावर मारला.

निकाल तडजोडीचा झाला. दारूचा मक्ता उठला, राजधानीच्या मुलुखांतील लोखंडाच्या सरकारी कचेऱ्या बंद झाल्या. बाकी सर्व कायम राहिलें. दुसऱ्याच वर्षीं राजकारस्थानांत गोंवला जाऊन सांग हुंग-यांग प्राणास मुकला. पुढें ह्वान ख्वान या विद्वानानें हा वाद साठ प्रकरणांत ग्रथित केला. तो स्वतः विद्वानांच्या पक्षाचा होता. तथापि मंत्र्याची बाजू त्यानें दुबळी करून मांडली नाहीं. त्यामुळेंच आज दोन्ही पक्ष वाचकाला तोलून पाहतां येतात.

कालांतरानें कन्फ्यूशियसच्या अनुयायांचें दरबारांत वजन वाढलें आणि इ. स. पूर्वीं ४४ मध्यें मीठ व लोखंड यांचे मक्ते रद्द झाले. परंतु खर्च भागेना. तेव्हां अवघ्या तीन वर्षांत ते पुनः सुरू करावे लागले. सांग हुंग-यांगचा हिशेब खोटा नव्हता, हें खजिन्यानें सिद्ध केलें. पण लांकडी नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचें गाऱ्हाणेंही खोटें नव्हतें. तें त्याला स्वतःला कागदावर उतरवितां आलें नसतें. साठ विद्वानांनीं भर दरबारांत त्याची वकिली केली, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही तें ऐकूं येतें.